तमाशाच्या गाण्यांकडे जाताना

पुण्याहून नाशिककडे निघालेला रस्ता खेडचा घाट चढून आंबेगाव तालुक्यात येतो आणि पेठ लागते. पुढे अवसरीचा घाट, मंचर, कळंब; मग जुन्नर तालुक्यातले नारायणगाव, आळेफाटा आणि पुढे संगमनेर. या रस्त्याने जाणाऱ्या बहुतेकांना नारायणगाव टोमॅटोच्या बाजारासाठी माहीत असते. खगोलशास्त्राच्या अभ्यासकांना ते जवळच्या खोडदमधल्या ३० महाकाय रेडिओ दुर्बिणींमुळे माहीत असते. पण गावोगावच्या यात्रा कमिट्या नारायणगावला येतात त्या वेगळ्याच कामासाठी. ग्रामदैवताची यात्रा जवळ आली की तमाशा ठरवायचा असतो आणि तो ठरवायला नारायणगावच गाठावे लागते. तमाशाची पंढरी म्हणून या गावाचे नाव घेतले जाते.

या पंढरीतल्या गाण्यांची आणि ती गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांची ओळख नव्या वाचकांना करून द्यावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे. तमाशाचे नाव काढताच काही घरांत अजूनही विषय बदलला जातो, हे आम्हांला ठाऊक आहे. दुसरीकडे ‘लोककला’ म्हणून त्याला हार घालणारेही पुष्कळ आहेत. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट निसटते. ही गाणी कुणीतरी रचली, कुणीतरी त्यांना चाल लावली, ती विशिष्ट गळ्यांतून गाजली आणि त्या गळ्यांना नावे होती. वाचकांनी ती नावे घेऊन ऐकायला शिकावे, अशी आमची विनंती आहे.

इंग्लंड-अमेरिकेतल्या रॉक आणि पॉप संगीताचे चाहते हे फार निष्ठेने करतात. लिव्हरपूलच्या बीटल्सचे ध्वनिमुद्रणाचे आयुष्य १९६२ ते १९७० एवढेच. पण त्यातले कोणते गाणे कोणत्या दिवशी मुद्रित झाले, त्यात पियानो कुणी वाजवला, हे सांगणारी माणसे जगभर आढळतात. ते गाणे आज साठ वर्षांचे झाले तरी ताजे आहे, याचे मोठे श्रेय या प्रेमळ नोंदींना जाते. नेमक्या त्याच दशकात आपल्याकडे विठाबाई नारायणगावकर गावोगावचे मैदान भरवत होत्या. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या ढोलकीवाल्याचे नाव मात्र आज सहज सापडत नाही. तिकडे बँड, इकडे फड. दौरे, हंगाम, मालक, करार, नावाजलेले कलावंत, त्यांच्यासाठी कोसभर चालत येणारे रसिक, सारे काही दोन्हीकडे होते. फरक पडला तो नोंद ठेवणाऱ्यांत.

थोडी पूर्वपीठिका पाहू. पेशवाईच्या उत्तरार्धात शाहिरांनी लावणीला जे रूप दिले, तिथून ही वाट सुरू होते. राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ ही त्यांतली प्रमुख नावे, आणि त्यांच्याच मेळ्यातला अनंत फंदी तर आपल्या याच रस्त्यावरच्या संगमनेरचा. पुढे एकोणिसाव्या शतकात लावण्यांना कथानकाची जोड मिळाली आणि वग जन्माला आला. उमा बाबाजी सावळजकरांनी रचलेला ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग मानला जातो आणि त्याचे साल १८६५ सांगतात. वग आला आणि तमाशाचे रात्रभराचे नाट्य उभे राहिले.

त्यानंतरचे मोठे नाव पठ्ठे बापूराव. सध्याच्या सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्ष गावी १८६६ साली जन्मलेले श्रीधर कृष्ण कुलकर्णी तमाशाच्या वेडाने घरदार सोडून फडात आले आणि कवी म्हणून पठ्ठे बापूराव झाले. त्यांच्या कवनांना आवाज आणि रूप दिले पवळाबाईंनी. पवळा हिवरगावकर संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसा गावच्या, जन्माने महार. ब्राह्मण कवी आणि महार गायिका अशी ही जोडी त्या काळच्या समाजाला पेलली नाही. बापूरावांना त्यांच्या जातीने दूर लोटले, पण रसिकांनी दोघांनाही डोक्यावर घेतले. इतिहासात बापूरावांचे नाव ठळक छापले जाते आणि पवळाबाईंचे नाव त्यांच्या चरित्रातला एक प्रसंग म्हणून येते. आमच्या मते हे उलटून पाहायला हवे. कवन कागदावर राहते. तमाशात ते पोहोचते ते गाणारीमुळे. पवळाबाईंनी ते पोहोचवले नसते तर बापूरावांची कवने किती टिकली असती, हा प्रश्न वाचकांनी मनाशी जरूर घोळवावा.

आता नारायणगावकडे येऊ. शिरूर तालुक्यातल्या कवठे यमाई गावच्या नारायण खुडे यांनी एक फड उभा केला. तो पुढे भाऊ आणि बापू या भावांनी चालवला आणि ‘भाऊ बापू मांग नारायणगावकर’ या नावाने तो महाराष्ट्रभर फिरला. फडाच्या नावातच जात लिहिलेली आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. मांग, महार, कोल्हाटी, गोपाळ अशा समाजांतून तमाशाचे बहुतेक कलावंत आले. ज्यांना गावाच्या वेशीबाहेर राहावे लागे, त्यांच्याच नावाची पाटी यात्रेच्या रात्री गावाच्या मैदानावर झळके आणि सारे गाव त्या पाटीखाली बसून टाळ्या वाजवे. दुसऱ्या दिवशी तेच गाव पुन्हा जुन्या अंतराने वागे. तमाशाच्या गाण्यांतला विनोद आणि त्यातली धार या जगण्यातून आलेली आहे. ते दृष्टिआड करून नुसता ठेका ऐकला तर ऐकणे अर्धे राहील.

विठाबाई या भाऊंच्या कन्या. जन्म १९३५ साली पंढरपुरात, कारण फडवाल्यांची मुले मुक्कामाच्या गावीच जन्मत. वडील, चुलते, बहिणी असे सगळे घर फडात असल्यामुळे गाणे त्यांना वेगळे शिकावे लागले नाही. त्या गायच्या, नाचायच्या आणि वगात अभिनयही करायच्या. तिन्ही गोष्टी एकाच बाईत तितक्याच ताकदीच्या असणे तमाशातही दुर्मीळ. त्यांना राष्ट्रपतींकडून १९५७ आणि १९९० साली गौरवण्यात आले. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. शेवटचा काळ पैशाच्या ओढगस्तीत गेला. राज्य शासनाने २००६ साली त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्याच्या मानकऱ्यांत कांताबाई सातारकर आहेत, विठाबाईंच्याच कन्या मंगला बनसोडे आहेत आणि सोंगाड्याच्या कामासाठी नावाजलेले वसंत अवसरीकरही आहेत. 

विठाबाईंबद्दल एक हकिगत सर्वत्र सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या रंगमंचावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या तेव्हा आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या. ही हकिगत ऐकून कुणाचेही मन हलेल, हलावेच. पण ती इतक्यांदा सांगितली गेली आहे की विठाबाई म्हणजे तेवढाच एक प्रसंग, असे होऊन बसले. त्यांच्या सोशिकपणाला वंदन करून वाचकांनी तिथेच थांबू नये. चढ्या पट्टीतला, शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ जाणारा आवाज, शब्द फेकताना मध्येच रोखून धरलेला श्वास आणि पायांतल्या घुंगरांवरचा ताबा, ही त्यांची कमाई होती. कलावंताचे कौतुक त्याच्या हालांसाठी होत राहिले की कला मागे पडते.

तमाशाचे संगीत ऐकायचे कसे, हे थोडे तपशिलात सांगणे आवश्यक वाटते, कारण नवखा श्रोता साधारणपणे नाचणारीकडे पाहतो आणि मागे काय चालले आहे ते त्याच्या कानांवरून निघून जाते.

पहिल्यांदा ढोलकी. तिचे एक तोंड लहान आणि चढ्या सुरात ताणलेले, त्यातून टणटणीत बोल निघतो. दुसरे तोंड मोठे, त्यातून घुमारा येतो. चांगला ढोलक्या लहान तोंड गाणारीच्या सुराला मिळवून घेतो, म्हणून तमाशातली ढोलकी ताल धरता धरता सूरही भरते. हलगीचे कातडे विस्तवावर शेकून ताणतात आणि ती दोन काड्यांनी वाजवतात. तमाशा सुरू होण्याआधी ढोलकी आणि हलगी यांची जी जुगलबंदी होते, ती ऐकून रानातल्या वस्तीवरची माणसे चालू लागतात. ध्वनिवर्धक नव्हते तेव्हा गावाला आवतण देण्याचे काम हीच जुगलबंदी करत असे. मग तुणतुणे: लाकडी नळकांडे, तळाला कातडे आणि एकच तार. त्याला सूर एकच, पण तो एक सूर सगळ्यांना बांधून ठेवतो. लोखंडी कडे त्यावर बारीक किणकिण धरते.

आणि सुरते. गाणारीच्या मागे उभे राहून तिची ओळ संपताच शेवटचा स्वर उचलून वर नेणारे हे दोघे-तिघे पुरुष. त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. आमच्या मते तमाशाच्या गाण्याचा प्राण तिथे आहे. गाणारी दमते तेव्हा सुरते तिला श्वास घ्यायला वेळ देतात. तिचा स्वर जिथे संपतो तिथून वर चढत ते रसिकांना पुढच्या ओळीपर्यंत धरून ठेवतात. एकदा त्यांचा ‘जी जी’ कानांत बसला की नुसत्या मुद्रित लावण्या जराशा एकाकी वाटू लागतात.

रात्रीचा क्रम ठरलेला असतो. आधी गण, म्हणजे गणपतीला नमन. मग गौळण: मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची मावशी (ती पुरुषच होतो) आणि वाट अडवणारा कृष्ण. नंतर बतावणी (विनोदी संवाद), रंगबाजी (लावण्या आणि नाचगाणी) आणि शेवटी वग. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा हाच साचा त्यांनी कामगारांच्या प्रश्नांसाठी वापरला. अण्णाभाऊंनी गणातल्या देवाच्या जागी मायभूमीला आणि श्रमणाऱ्या माणसाला नमन केले. शहरातला मध्यमवर्ग ‘लोकनाट्य’ पाहायला लागला त्याची पायाभरणी या मंडळींनी केली. पण मूळ फड आपल्या जागी चालतच राहिले. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी ‘जहरी प्याला’ वगात रंगवलेले हवालदार पाहण्यासाठी लोक रात्र जागवत.

फडाची गाणी आणि चित्रपटातल्या लावण्या यांचे नाते नव्या वाचकांना गोंधळात टाकते, म्हणून त्यावर दोन शब्द. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) आणि ‘सवाल माझा ऐका’ (१९६४) या चित्रपटांनी, त्यांच्यातल्या वसंत पवारांच्या चालींनी तमाशाचा ठेका घराघरांतल्या रेडिओवर आणला. पुढे ‘पिंजरा’ (१९७२) आला. त्यातल्या जगदीश खेबुडकरांच्या शब्दांना राम कदमांनी दिलेल्या चाली आजही कुठल्याही लग्नात ऐकू येतात. सुलोचना चव्हाण यांना लावणीसम्राज्ञी म्हणतात आणि ते योग्यच आहे, पण त्या फडावर कधी नाचल्या नाहीत. डोक्यावर पदर घेऊन, जागेवर उभ्या राहून त्या सगळा नखरा केवळ उच्चारातून आणि गळ्यातून उभा करत. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या गेल्या.

चित्रपटाने फडांकडून ठेका घेतला, तशी फडांनीही चित्रपटाची गाणी रंगबाजीत आणली. हळूहळू कॅसिओ आला, ऑक्टोपॅड आला, ड्रम आले. जुन्या रसिकांना याचे वाईट वाटते आणि त्यांची खंत खोटी नाही; ढोलकीचे काम ऑक्टोपॅडवर टाकले की सुराला मिळवलेले ते लहान तोंड गप्प होते. तरी यालाच ऱ्हास म्हणून मोकळे होऊ नये. तिकिटावर किंवा सुपारीवर पोट असलेला फड समोरच्या माणसाला काय हवे ते पाहतच आला आहे. पठ्ठे बापूरावही त्यांच्या काळात नवेच होते. वाचकांनी एखाद्या नव्या रंगबाजीतही कान देऊन पाहावे: सिनेमाचे गाणे चालू असताना मधल्या जागेत ढोलक्या अचानक स्वतःचे चार बोल घालून जातो आणि मैदानातून शिट्टी उठते.

तमाशावर बंधनेही आली. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून बंदी घातली आणि पुढे अटी घालून ती उठवली. कवने तपासून घेणे, सभ्यतेचे दाखले देणे हे कलावंतांच्या नशिबी आले. सभ्यतेची ही मोजपट्टी कुणाच्या हाती होती आणि तिने मोजल्या जाणाऱ्या बाया कोणत्या जातीच्या होत्या, हा प्रश्न अलीकडच्या अभ्यासकांनी नेटाने विचारला आहे. शैलजा पाईक यांचा तमाशातल्या दलित स्त्रियांवरचा इंग्रजी ग्रंथ २०२२ साली आला. तो वाचल्यावर लावणीकडे पाहण्याची नजर पूर्वीसारखी राहत नाही. त्याआधी शर्मिला रेगे यांनीही या दिशेने महत्त्वाचे लिहिले आहे. मराठीत योगीराज बागूल यांचे विठाबाईंवरील पुस्तक आणि संदेश भंडारे यांची ‘तमाशा: एक रांगडी गंमत’ ही छायाचित्रे हाताशी ठेवावीत. संगीतबारीची, म्हणजे बैठकीच्या लावणीची, वाट वेगळी आहे; तिच्यासाठी भूषण कोरगांवकरांचे ‘संगीत बारी’ वाचावे. यमुनाबाई वाईकरांची अदा ही त्या दुसऱ्या घराची दौलत. फडाचा मोकळ्या मैदानातला आवाज आणि बैठकीतली डोळ्यांनी केलेली बारीक अदाकारी एकाच मापाने मोजू नये.

तरीही आमचा आग्रह असा की पुस्तके नंतर. आधी तुम्ही यात्रेला जा. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या उभ्या राहतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा फलक, आत वही घेऊन बसलेला व्यवस्थापक. गावकरी येतात, आपल्या यात्रेची तारीख सांगतात, कोण गाणार, वग कोणता, माणसे किती असे विचारून सुपारी ठरवतात, विसार देतात. एकाच तिथीला अनेक गावांच्या यात्रा पडतात, म्हणून नामांकित फडाची तारीख मिळवायला गावागावांत चुरस लागते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत करोनामुळे यात्रा भरल्या नाहीत आणि ढोलक्यापासून ट्रकचालकापर्यंत सगळ्या फडांची कमाई बुडाली. काही माणसे तेव्हा दुसऱ्या कामाला लागली ती परत आली नाहीत.

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या यात्रेत दिवसा शर्यतीच्या घाटात बैलगाडे पळतात आणि रात्री तमाशा असतो. तुम्ही शक्यतो ढोलकीच्या बाजूला बसा. वग सुरू होताच उठून जाऊ नका. गाण्यांचा अर्थ पुष्कळदा वगातच उलगडतो. आणि हजेरीला, म्हणजे रात्रीच्या खेळानंतरच्या सकाळच्या खेळाला, थांबा. रात्रीची गर्दी ओसरलेली असते, उन्हे वर येत असतात, आणि गावातली जाणती मंडळी पुढे बसून जुन्या लावणीची फर्माईश करतात. रात्री ऑर्केस्ट्रात दबलेली ढोलकी हजेरीत मोकळी वाजते. खरे रसिक कोण ते तिथे कळते.

कलावंतांशी बोलायचे असेल तर सायंकाळी खेळाच्या तयारीची वेळ टाळा आणि राहुटीत शिरण्याआधी विचारा. तिथे बाया स्वयंपाक करत असतात, लेकरे निजलेली असतात. ते त्यांचे घर आहे. न विचारता छायाचित्र काढू नये. वयाने थोर कलावंताला ‘बाई’, ‘अण्णा’, ‘तात्या’ अशी फडातली माणसे जी हाक मारतात तीच तुम्ही मारा. मग ते लवकर आपलेसे करून घेतात.

गावातल्या म्हाताऱ्यांकडेही बसा. कोणत्या वर्षी कोणता फड आला होता, कोणत्या बाईने कोणती लावणी तीनदा म्हटली, पाऊस आला तेव्हा कनात कुणी धरली, हे त्यांना पीकपाण्याच्या सालांसह आठवते. ही आठवण लिहून घेणे आज कुणाही शाळकरी मुलाला जमेल. वहीत तारीख, गाव, यात्रा, फडाचे नाव, गायिकेचे नाव आणि गण, गौळण, लावण्या, वग यांचा क्रम लिहावा. त्याखाली ढोलकीवर कोण, हलगीवर कोण, तुणतुण्याला कोण, सुरते कोण हे खेळ संपल्यावर त्यांनाच विचारून घ्यावे. ते आधी जरा नवलाने पाहतात, मग पूर्ण नाव सांगतात, गाव सांगतात, आणि बहुतेक वेळा आपल्या गुरूचेही नाव सांगतात. तेही लिहावे.